धडधड थांबण्यापूर्वी हृदयालेख हवा

वर्गात शिकवीत असताना एखाद्या शिक्षिकेच्या छातीत एकाएकी धडधड सुरू होते. अर्ध्या तासाने ती आपोआप थांबते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासतात, तेव्हा नाडी, रक्तदाब, हृदयालेख (ई.सी.जी.) सारेच निर्दोष! मग 'मनाचा अशक्तपणा' असा निर्वाळा मिळतो. स्त्रियांच्या वाट्याला तो विशेष येतो आणि खरा विकार वर्षानुवर्षे दडून राहतो.

विश्रांतीच्या वेळी प्रौढ व्यक्तीची नाडी मिनिटास साधारण ६० ते १०० असते. ताप, रक्तक्षय किंवा भीती यांमुळे ती क्रमाक्रमाने वाढते व ओसरते. याउलट, कळ दाबावी तशी ती १५० ते २२० पर्यंत चढली आणि तशीच झटक्यात उतरली, तर कारण बहुधा हृदयातच असते. हृदयाला स्पंदनाची प्रेरणा देणारा विद्युत्प्रवाह वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत ठरावीक मार्गाने जातो. काहींच्या हृदयात त्याला एक जादा वाट असते. तीतून प्रवाह माघारी फिरला, की तो रहाटगाडग्यासारखा घुमत राहतो. हे चक्र चालू असतानाच हृदयालेख निघाला, तर निदानाला फारसा वेळ लागत नाही. तेव्हा घरी पडून न राहता जवळचे आरोग्य केंद्र वा रुग्णालय गाठावे.

तेथे पहिला उपाय बिनऔषधी असतो. रुग्णाने अर्धवट बसून १५ सेकंद जोराने कुंथावयाचे व लगेच उताणे होऊन पाय वर उचलून धरवून घ्यावयाचे. इंग्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या रीतीने शेकडा ४३ रुग्णांची लय पूर्ववत झाली. नुसते कुंथण्याने शेकडा १७ जणांचीच. तेवढ्याने न भागल्यास अ‍ॅडेनोसिन शिरेतून देतात. क्षणभर छाती दाटून जीव घाबरा होतो. रुग्णास हे आधी सांगितलेले बरे. वारंवार त्रास होणाऱ्यांना कॅथेटर अ‍ॅब्लेशन सुचवितात. मांडीतील शिरेवाटे नळी नेऊन ती जादा वाट उष्णतेने बंद केली, की बहुतेकांचा विकार कायमचा जातो.

प्रत्येक धडधड मात्र अशी सौम्य नसते. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, भोवळ, छातीत कळ वा धाप असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नाडी वेगवान व अनियमित असेल तर विकार वेगळा असू शकतो. त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

हृदयालेखाची पट्टी रुग्णाने मागून घ्यावी. तो कागद काही काळाने फिका पडतो. म्हणून छायाप्रत काढून तीवर दिनांक, वेळ व नाडीचा आकडा लिहून ठेवावा.