खाडीचे अन्न येते कोठून?

आमच्या खानापूर तालुक्याचे एक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांच्या ध्यानी सहसा येत नाही. येथून दोन नद्या दोन दिशांच्या सागरांकडे जातात. कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस वाहत जाऊन कृष्णेला मिळते. भीमगडच्या रानात देगावजवळ उगम पावणारी म्हादई मात्र घाट उतरून गोव्यात शिरते आणि मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. गुंजीच्या आसपासची राने आपण रोज पाहतो. पण आपल्या तालुक्यातील एका नदीच्या शेवटी एक निराळेच रान उभे आहे, त्याची ओळख या लेखात करून घेऊ.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरले, की हे रान दिसते. येथेच १९८८ साली स्थापन झालेले डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. तिवर, कांदळ, चिपी हे वृक्ष चिखलात आणि खाऱ्या पाण्यात उभे असतात. या वनस्पतींना खारफुटी म्हणतात. भरतीला त्यांचे बुंधे पाण्यात जातात व ओहोटीला चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर खेकडे धावतात, निवट्या उड्या मारतात आणि बगळे टपून बसतात. मांडवीला जोडलेल्या कुंभारजुव्याच्या कालव्यात तर मगरीही आढळतात. प्रश्न असा, की या सर्वांचे पोट कशावर भरते?

सर्व अन्नाचे मूळ सूर्यप्रकाशात आहे, हे आपण वर्गात शिकलो. हिरवी पाने ती ऊर्जा साठवितात, शाकाहारी प्राणी पाने खातात आणि मांसाहारी प्राणी त्यांना खातात. प्रत्येक पायरीला बरीच ऊर्जा खर्ची पडून स्थूलमानाने एक दशांशच पुढे जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी ऊर्जेच्या या प्रवासाचा पाया १९४२ साली घातला. परंतु खारफुटीच्या रानात हा सरळ हिशेब लागू पडत नाही. तिची पाने चिवट व तुरट असल्यामुळे हिरवेपणी ती खाणारे थोडेच. बहुतेक पाने पिवळी पडून गळतात. गळण्यापूर्वी झाड त्यांतील पोषक द्रव्ये परत ओढून घेते. म्हणजे खाडीत पडते ते जवळजवळ निःसत्त्व पान!

फ्लोरिडातील एका नदीमुखाशी विल्यम ओडम व एरिक हील्ड यांनी या पानाचा माग काढला व १९७० नंतरच्या दशकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गळताना पानात प्रथिने ३ टक्क्यांच्या आसपास होती. वर्षभर पाण्यात कुजल्यावर त्याच्या उरलेल्या चुऱ्यात ती २० टक्क्यांहून अधिक भरली. पान कुजले आणि सकस झाले! कारण असे, की बुरशी व जंतू त्यावर वाढतात आणि पाण्यातील नत्र घेऊन आपली शरीरे घडवितात. पत्रावळीवर भात वाढावा, तसा हा प्रकार आहे. कोळंबी हा चुरा पत्रावळीसकट गिळते, त्यातील 'भात' तेवढा पचविते आणि पत्रावळ विष्ठेवाटे पाण्यात परत टाकते. तिच्यावर पुन्हा जंतू वाढतात आणि पुन्हा पंगत बसते. खेकडे पाने बिळात ओढून कुरतडतात व या कामाला हातभार लावतात.

यावरून खाडीचे सारे अन्न पानांतूनच येते असे पुष्कळ दिवस मानले गेले. पुढे शास्त्रज्ञांना एक नवी कसोटी मिळाली. निसर्गात कार्बनचे हलके व जड असे दोन स्थिर प्रकार आहेत. खारफुटीच्या पानांतील त्यांचे प्रमाण एक, तर पाण्यातील सूक्ष्म शैवलांतील प्रमाण बहुधा निराळे असते. आणि प्राण्याच्या मांसात त्याच्या अन्नाची ही खूण उतरते. या कसोटीने पाहता रानातील पाने खाणाऱ्या खेकड्यांत पानाची खूण दिसली. परंतु अनेक खाड्यांतील कोळंबी व मासे यांच्या मांसात शैवलांची खूण अधिक ठळक आढळली. चिखलावरची तपकिरी निसरडी साय आपण पाय घसरला म्हणजे दूषणे देऊन पुसून टाकतो. ती या सूक्ष्म शैवलांचीच असते. पानांचा साठा मोठा, पण पचायला जड. शैवलांचा साठा लहान, पण रोज नवा व सुपाच्य. खाडीला दोन्ही लागतात.

तिसरी शिदोरी नदी आणते. पावसाळ्यात घाटातील रानांचा पाला, माती व क्षार घेऊन म्हादई खाली येते आणि मांडवीचे मुख जवळजवळ गोडे होते. पुढे उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी आत दूरवर चढते. गोड्या व खाऱ्या पाण्याच्या या ये-जेवर तेथील जीवांचे वेळापत्रक बसलेले आहे. म्हादईच्या पाणीवाटपाचा निवाडा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिला आणि कर्नाटकाच्या वाट्यास १३.४२ टीएमसी पाणी ठरविले. हुबळी-धारवाडच्या लोकांची तहान खरी आहे आणि गोव्याच्या खाडीची गरजही खरी आहे. समुद्राला मिळालेले पाणी वाया गेले असे मात्र, वरील हिशेब समजलेल्या विद्यार्थ्याने म्हणू नये.

हा पाठ गुंजीतही पडताळून पाहता येईल. गळलेली पाने वाळवून, तोलून जाळीच्या पिशवीत घालावी व ओढ्यात दगडाला बांधून ठेवावी. दर आठवड्यास एक पिशवी काढून पाने हलक्या हाताने धुवावी, वाळवून पुन्हा तोलावी आणि वजन वहीत लिहावे. पान किती घटले हे तराजू सांगेल. धुण्यापूर्वी त्यावर कोण कोण जेवायला आले होते, ते भिंगातून दिसेल.