देव निराकार आहे. मग तो निर्गुणही आहे काय?

शास्त्रवाचन: योहान ४:१–२६, योहान १०:१–१५, स्तोत्र १३९:१–१२.

बीड जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत ख्रिस्ती मनुष्यास शेजारी पुष्कळदां विचारतात, "तुमच्या प्रार्थनामंदिरांत मूर्ति नाहीं, तेव्हां तुमचा देव निर्गुण निराकारच ना?" प्रश्न सद्भावनेचा असतो, आणि "होय" म्हणून मोकळे होणें सोपें असतें. परंतु निराकार व निर्गुण या दोन शब्दांत मोठें अंतर आहे. तें ओळखल्यावांचून देवाच्या स्वरूपाविषयींचा आपला विश्वास पक्का व्हावयाचा नाहीं.

हा प्रश्न आपल्याच मातींतला आहे. अंबाजोगाई येथें मुकुंदराजांची समाधि दाखवितात. त्यांच्या 'विवेकसिंधु' या ग्रंथाचा काळ परंपरेनें शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा सांगतात. त्याच गांवीं पुढें दासोपंत (१५५१–१६१५) राहिले. या थोर पुरुषांनीं अद्वैताचा विचार मराठींत सांगितला. त्यांच्याविषयीं बोलतांना उपदेशकांनीं आदर सोडूं नये.

आतां पहिला शब्द घ्या. देव आत्मा आहे, त्याची उपासना अमुकच डोंगरावर किंवा अमुकच नगरांत झाली पाहिजे असें नाहीं, हें प्रभु येशूनें शोमरोनी स्त्रीला विहिरीच्या कांठीं शिकविलें. यहूदी लोक शोमरोन्यांशीं व्यवहार ठेवीत नसत. तरी त्यानें तिच्याजवळ पाणी मागितलें. वेगळ्या पाणवठ्याचें दुःख ज्यांच्या वाडवडिलांनीं भोगलें, त्यांना या मागण्याची थोरवी सांगावयास नको. देवाला आपल्यासारखा देह नाहीं व स्थळाचें बंधन नाहीं. म्हणून तो निराकार, हें आम्हांस मान्य आहे. तोच आपल्याला कळावा म्हणून पुत्र मनुष्य झाला.

दुसरा शब्द निर्गुण. सत्त्व, रज व तम हे सृष्टींतले गुण देवाला बांधीत नाहींत, एवढाच त्याचा अर्थ असेल तर वाद नाहीं. परंतु देव कोणास ओळखीत नाहीं, कोणावर प्रीति करीत नाहीं, असा अर्थ असेल तर तो आम्हांस मान्य करतां येत नाहीं. काशींत शास्त्राध्ययन केलेले पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) यांचा बाप्तिस्मा १८४८ सालीं झाला. त्यांनीं 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथांत वेदांतमताची कसून परीक्षा केली. ज्याला कांहींच कळत नाहीं, त्याला ज्ञानस्वरूप म्हणण्यांत काय अर्थ, असा त्यांचा मुद्दा होता. विहिरींत पाण्याचा थेंब नसतांना तिला भरलेली म्हणावें, तसेंच तें होईल. जो कोणास ओळखीत नाहीं, तो पापाचा निषेध करणार नाहीं व क्षमाही करणार नाहीं. प्रभूनें मात्र त्या स्त्रीचें सारें जीवित ओळखलें, तें तिला उघड सांगितलें, आणि तरीही तिला दूर लोटलें नाहीं. पवित्रता व प्रीति हीं देवाच्या स्वरूपांत अशीं एकत्र आहेत.

आणखी एक शंका उरते. प्रीति करावयास दुसरा लागतो; मग जग उत्पन्न होण्यापूर्वीं देव कोणावर प्रीति करीत होता? मनुष्य निर्माण झाल्यावर ती सुरू झाली म्हणावें, तर ती देवाचा मूळ स्वभाव ठरत नाहीं, आणि मागाहून आलेली वस्तु उद्यां जाऊंही शकेल. योहान १७:२४ काळजीपूर्वक वाचा. जगाच्या आधींपासून पित्याची पुत्रावर प्रीति होती, असें तेथें दिसतें. आपण पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एकच देव मानतों. हे तीन देव नव्हेत. या एका देवाच्या ठायीं प्रीति अनादि आहे, म्हणून ती ओसरणार नाहीं.

याचा आपल्या संसाराशीं संबंध काय? दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें उचल घेऊन ऊसतोडणीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुकादमाच्या हिशेबांत नवराबायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. तेथें माणसाची गणना हत्याराच्या नांवानें होते. देव निराकार आहे, म्हणून तो गांवच्या मंदिरांत मागें राहत नाहीं. फडाजवळच्या कोपींतही तो आहे. आणि तो निर्गुण नाहीं, म्हणून तेथें तो आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारतो. यांतलें एकही सोडलें तर कोपींतली प्रार्थना व्यर्थ होईल: एक सोडलें तर ती ऐकावयास तेथें कोणी नाहीं, दुसरें सोडलें तर जो आहे त्याला ऐकूं येत नाहीं.

उपदेशकांनीं हा पाठ कुटुंबें बाहेर पडण्यापूर्वीं घ्यावा, व जाणाऱ्या प्रत्येकाचें नांव घेऊन प्रार्थना करावी. लेंकरांचींही नांवें वगळूं नयेत.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न:
१. देवाला स्थळाचें बंधन नाहीं, हें प्रभूनें कोणास व कोठें शिकविलें?
२. निराकार व निर्गुण यांत भेद काय?
३. देवाची प्रीति अनादि आहे, हें कशावरून?
४. ज्याला देव नांवानें ओळखतो, त्याला आपण कोणत्या नांवानें हांक मारतों?