शोभिवंत मत्स्यपालन : बंद स्टँडमधील आर्द्रता आणि वायुवीजन

शोभिवंत माशांचे संगोपन हा आता केवळ छंदाचा विषय राहिलेला नाही. चेन्नईजवळील कोळत्तूर, पश्चिम बंगालमधील हावडा आणि दक्षिण चोवीस परगणा या भागांत अनेक कुटुंबांचा तो मुख्य किंवा पूरक व्यवसाय आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन एककांना अर्थसाहाय्याची तरतूद झाल्यापासून इतर राज्यांतही अशी एकके उभी राहत आहेत. पाण्याची प्रत, खाद्य आणि रोग या विषयांवर मत्स्यपालकांना बरेच मार्गदर्शन मिळते. टाकी ज्यावर उभी असते त्या स्टँडकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. स्टँड चारही बाजूंनी बंद असेल आणि गाळण टाकी त्याच्या पोटात असेल, तर हे दुर्लक्ष महागात पडते.

बंद स्टँड लोक उगाच पसंत करीत नाहीत. उंदीर वायरी कुरतडतात, लहान मुले पंपाला हात लावतात, दर्शनी खोलीत नळ्यांचा गुंता बरा दिसत नाही. दारे लावलेल्या कपाटासारखा स्टँड या तक्रारी मिटवितो. बाजारात ‘संप’ म्हणून ओळखली जाणारी गाळण टाकी, पंप, व्होल्टेज स्टॅबिलायझर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि कित्येकदा खाद्याची पिशवीही या कपाटात ठेवली जाते. उघडे पाणी, वीज, लाकूड आणि कोरडे खाद्य अशा एकमेकांशी न जमणाऱ्या चार गोष्टी एकाच कोंदट पेटीत नांदू लागतात. दोन-तीन महिन्यांत दारांच्या बिजागऱ्यांवर गंज दिसू लागतो, प्लगच्या पितळी पिना हिरवट होतात आणि आतल्या फळीच्या कडा फुगू लागतात. यांपैकी एकही लक्षण किरकोळ नव्हे. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. काच आणि रेतीसह हे वजन ३०० किलोच्या पुढे जाते आणि ते सारे त्या फुगणाऱ्या फळ्यांवर उभे असते.

ओलावा येतो कोठून आणि किती

हवेत किती बाष्प मावते हे तापमानावर अवलंबून असते. २८ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प मावते. वरील मापाच्या टाकीखालचा अडीच फूट उंचीचा स्टँड आतून सुमारे १५ घनफूट, म्हणजे ०.४२ घनमीटर भरतो. या संपूर्ण पोकळीत पाण्याची वाफ मावते फक्त ११ ते १२ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन-सव्वादोन चमचे. खोलीतील हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर यांपैकी ८ ग्रॅम बाष्प ती हवा आत शिरतानाच घेऊन येते. उरलेली जागा साडेतीन ग्रॅमची.

आता आवक पाहू. गाळण टाकीचे तोंड २ फूट बाय १ फूट असेल आणि तेवढ्या पृष्ठभागावरून दिवसाला दोन मिलिमीटर पाणी उडाले असे धरले, तर ते सुमारे ३७० मिलिलिटर होते. तासाला १५ ग्रॅम. या वेगाने बंद स्टँड पाव तासात संपृक्त होईल. हवा संपृक्त होत गेली की बाष्पीभवन मंदावते हे खरे, पण ते थांबत नाही. कारण पाण्यापेक्षा थंड असलेल्या फळ्यांवर, काचेवर आणि लोखंडावर वाफ पुन्हा पाणी होऊन बसत राहते. टाकीच्या तळाखालची फळी सकाळी हाताला ओली लागते ती त्यामुळे. गळती समजून काचेचे सांधे पुन्हा सिलिकॉनने भरण्याचा खटाटोप अनेक जण करतात, तेव्हा प्रत्यक्षात बहुधा हेच घडत असते.

आपल्या एककातील आकडा काढताना एक काळजी घ्यावी. वरच्या टाकीतून उडालेले पाणीही शेवटी गाळण टाकीची पातळी उतरण्यातच दिसते; म्हणून केवळ पातळीच्या खुणेवरून अंदाज बांधल्यास तो फार मोठा येतो. एका पसरट ताटलीत मोजून पाणी घेऊन ती दिवसभर स्टँडमध्ये ठेवावी आणि उरलेले पाणी मोजावे. ताटलीतले पाणी गाळण टाकीइतके उबदार नसते, त्यामुळे हा आकडा थोडा कमी येतो. तरीही ढोबळ अंदाजाला तो पुरतो.

ओलावा शोषून घेणाऱ्या पुड्या या ठिकाणी निरुपयोगी आहेत, हेही या हिशोबावरून कळते. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण एकतृतीयांश पाणी धरते. रोजचे ३७० ग्रॅम पाणी शोषण्यासाठी रोज किलोभराहून अधिक सिलिका जेल वाळवून ठेवावे लागेल.

आधी झाकण, मग झरोका

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे गाळण टाकीवर झाकण. काचेची पट्टी उत्तम. ॲक्रिलिक पातळ असेल तर उबदार वाफेने वाकते. झाकण किंचित उतरते ठेवले की त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पाण्यातच परत पडतात. नळ्या आणि वायरीसाठी खाचा ठेवाव्यात, पण टाकी हवाबंद करू नये. गाळण टाकीतील जिवाणूंना प्राणवायू लागतो. झाकण घातल्यावर वरच्या टाकीतील वायुमिश्रण कमी पडत नाही ना, याकडे लक्ष द्यावे. वरून येणाऱ्या पाण्याच्या नळीचे तोंड पृष्ठभागाच्या इंचभर खाली बुडालेले असावे. पाणी उंचावरून धबाधबा पडत असेल तर बारीक तुषार उडतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीत हे तुषार सुकून सर्वत्र मिठाचा थर बसतो, आणि हा थर हवेतला ओलावा ओढून घेत धातूला सतत ओले ठेवतो.

झाकणानंतर वायुवीजनाचा विचार करावा. येथे एक गैरसमज आढळतो. दमट हवा जड असते आणि तळाशी साचते, असे मानून सुतार खालच्या बाजूलाच भोके पाडतात. वस्तुस्थिती उलट आहे. पाण्याच्या वाफेचा रेणुभार १८, तर कोरड्या हवेचा सरासरी २९. त्यामुळे सारख्या तापमानाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, आणि पंपाच्या उष्णतेने ती आणखी वर चढते. म्हणून आत येणारे झरोके खाली समोरच्या बाजूस आणि बाहेर जाणारे झरोके मागे शक्य तितके वर असावेत.

त्यांचे आकारमान किती असावे? बाहेरची हवा २८ अंश व ७० टक्के आर्द्रतेची असेल आणि आत ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचे नसेल, तर प्रत्येक घनमीटर हवा २.७ ग्रॅम बाष्प उचलून नेते. झाकण नसलेल्या टाकीचे तासाचे १५ ग्रॅम बाष्प नेण्यासाठी साडेपाच घनमीटर हवा लागेल. झाकणाने बाष्पीभवन चौथ्या हिश्शावर आणले तर दीड घनमीटर पुरेल. वरच्या व खालच्या झरोक्यांत दोन फूट अंतर असेल, आतली हवा बाहेरच्यापेक्षा ३ अंशांनी उबदार असेल आणि वर व खाली प्रत्येकी १०० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा असेल, तर नैसर्गिक प्रवाहाने तासाला सुमारे ५ घनमीटर हवा फिरते. झुरळे आणि उंदरांसाठी बसविलेली जाळी यातला बराच भाग अडविते. म्हणून व्यवहारात प्रत्येकी दुप्पट जागा ठेवावी : अडीच इंच व्यासाची सहा भोके वर आणि सहा खाली. स्टँड भिंतीला चिकटवून ठेवल्यास मागची भोके असून नसल्यासारखी होतात. दोन-तीन इंच अंतर हवेच.

आत व बाहेर तापमानाचा फरकच नसेल, तर हा नैसर्गिक प्रवाह जवळजवळ थांबतो. अशा वेळी संगणकात वापरतात तसा १२ व्होल्टचा लहान पंखा वरच्या भोकावर, हवा बाहेर फेकेल अशा रीतीने बसवावा. दोन-तीन वॉट वीज खाणारा हा पंखा गरजेहून कितीतरी अधिक हवा हलवितो. तो पाण्याच्या पृष्ठभागावर रोखू नये. तसे केल्यास बाष्पीभवनच वाढते. एक लिटर पाणी उडताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता पाण्यातून घेऊन जाते. नागपूरच्या मे महिन्यात ही थंडाई हवीहवीशी असते, पण हिवाळ्यात तिची भरपाई हीटरला करावी लागते. दमट जागेत असे पंखे फार काळ टिकत नाहीत, म्हणून एक जादा पंखा घरात ठेवावा.

प्रदेशानुसार फरक

एकच शिफारस देशभर चालणार नाही. दिल्ली किंवा लखनौच्या हिवाळ्यात खोली १५ अंशांवर आणि टाकीतील पाणी हीटरमुळे २६-२७ अंशांवर असते. थंड फळ्यांवर वाफ भराभर थिजते. परंतु बाहेरच्या थंड हवेत प्रत्यक्ष बाष्प थोडे, घनमीटरला जेमतेम १० ग्रॅम असल्याने अगदी लहान झरोकेही काम भागवितात. ते मोठे करून उष्णता वाया घालवू नये.

खरा कस लागतो तो किनारपट्टीवर. जुलैमधील मुंबई, रत्नागिरी किंवा कोलकाता आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमधील चेन्नई येथे खोलीतली हवाच ९० टक्के दमट असू शकते. कितीही हवा खेळवली तरी स्टँडमधील हवा बाहेरच्या हवेहून कोरडी होणार नाही. २८ अंश व ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे दोन अंशांनी थंड असलेल्या भिंतीवरही पाणी सुटते. या दिवसांत पंख्यावर भिस्त ठेवण्याऐवजी झाकण घट्ट करावे. आतली हवा ३ अंशांनी उबदार राहिली तर तीच ९० टक्क्यांची हवा ७६ टक्क्यांवर येते, हेही लक्षात घ्यावे. पाण्याबाहेर बसविलेल्या पंपाची उष्णता या कामी येते. पाण्यात बुडालेल्या पंपाची उष्णता मात्र पाणी तापवून बाष्पीभवनच वाढविते.

मोजमापासाठी साधा डिजिटल आर्द्रतामापक पुरेसा आहे. रेशीम कीटकसंगोपनगृहात कोरड्या-ओल्या तापमापकाची जोडी वापरणाऱ्या शेतकऱ्यांना हे काम नवे नाही. मापक खरा आहे का, हे तपासण्यासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने नुसते ओलसर करावे, मापकासह हवाबंद डब्यात ठेवावे आणि बारा तासांनी पाहावे. २५ अंशांच्या आसपास आकडा ७५ यावयास हवा. कमी-अधिक आल्यास तेवढा फरक लक्षात ठेवावा.

वीज आणि खाद्य

आर्द्रता कितीही आटोक्यात असली तरी एक्स्टेन्शन बोर्ड स्टँडच्या आत नसावा. त्याची योग्य जागा स्टँडच्या बाहेर, बाजूच्या भिंतीवर. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खालच्या पातळीपर्यंत झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. एककाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवावा आणि महिन्यातून एकदा त्याचे चाचणी बटण दाबून पाहावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी वीज बंद करण्याची सवय घरातील प्रत्येकाला लावावी.

हवेचा पंप स्टँडमध्ये, म्हणजे पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल, तर वीज जाताच टाकीतील पाणी नळीतून उलटे उतरून पंपात आणि तेथून खालच्या सर्व वस्तूंवर येऊ शकते. भारनियमनाच्या गावांत हा प्रसंग दुर्मीळ नाही. पंप पाण्याच्या पातळीहून उंच फळीवर ठेवावा. ते शक्य नसेल तर नळीत एकेरी झडप बसवावी. हा पंप सभोवारची हवा थेट पाण्यात मिसळतो, हेही विसरू नये. पायरेथ्रॉइड वर्गातील डासनाशके माशांना अत्यंत विषारी असतात. टाकीच्या खोलीत त्यांची फवारणी टाळावी.

इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी बंद स्टँडमध्ये कदापि ठेवू नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते.

खाद्यासाठीही ही जागा अयोग्य आहे. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली की कोरड्या खाद्यात बुरशी वाढू लागते. त्यांतील अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते आणि ते माशांच्या यकृताला इजा करते. मासे कारण न कळता खंगत असतील तर पाणी तपासण्याबरोबर खाद्याचा डबाही हुंगून पाहावा. मात्र वास आला नाही म्हणून खाद्य निर्दोष ठरत नाही. खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात, दुसऱ्या खोलीत आणि महिनाभर पुरेल इतकेच ठेवावे.

लाकडाची पाहणी

नवा स्टँड करविताना भुशाची दाबीव फळी टाळावी. भारतीय मानक ७१० चे सागरी प्लायवूड महाग पडते, पण भार पेलणाऱ्या फळ्यांसाठी तेच घ्यावे. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि झरोक्यांच्या आतल्या कडांनाही रंगाचे किंवा एपॉक्सीचे दोन हात द्यावेत. पाणी शिरते ते कडेतूनच. लोखंडी अँगलला रेड ऑक्साइडवर ऑइलपेंट द्यावा आणि पायांखाली रबरी टोप्या घालाव्यात.

विस्तार कार्यकर्त्यांनी जुन्या एककास भेट देताना पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर एकेकदा स्टँडची दारे उघडून टाकीखालची फळी पाहावी. बोटाच्या पेराने ठोकल्यावर भरीव आवाजाऐवजी भदभद आवाज आला, किंवा कडेला लावलेल्या पेचकसाचे टोक सहज आत रुतले, तर त्या स्टँडची डागडुजी भरल्या टाकीखाली करू देऊ नये. मासे दुसऱ्या टाकीत हलवून, वरची आणि खालची दोन्ही टाक्या रिकाम्या करूनच फळी बदलावी.