दूरच्या फाइली आपल्या संगणकात : जोडणीचे तत्त्व

काशीच्या पंचगंगा घाटावर उभे राहिले असता डोळ्यांना एकच नदी दिसते. तथापि परंपरा असे सांगते की, येथे गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा ह्या पाच नद्यांचा संगम आहे. भाविक मनुष्य एकाच पायरीवर उतरतो आणि पाचही नद्यांचे स्नान त्यास घडते, अशी श्रद्धा आहे. युनिक्स आणि लिनक्स ह्या वर्गातील संगणकांत फाइलींची जी व्यवस्था असते, ती समजण्यास हे उदाहरण उपयोगी पडते. तेथेही वापरणाऱ्यास एकच प्रवाह दिसतो. त्यातील काही पाणी मात्र फार दुरून आलेले असते. ही जोडणी कशी होते, तिचा लाभ कोणता आणि तिच्यात धोका कोठे असतो, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

एकाच मुळाचा वृक्ष

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांच्या प्रयत्नांतून जन्मास आली. तिच्यात सर्व फाइली एकाच वृक्षावर मांडलेल्या असतात. वृक्षाला मूळ एक; त्यातून फोल्डररूपी फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या आणि त्यांच्या टोकाशी फाइली. विंडोज प्रणालीत प्रत्येक डिस्कला सामान्यतः एक स्वतंत्र अक्षर देतात. युनिक्समध्ये नवी डिस्क आली की वृक्षावरील एखादे फोल्डर निवडतात आणि त्या जागी डिस्कवरील सर्व शाखाविस्तार बसवितात. ह्या क्रियेस ‘माउंट करणे’ असे म्हणतात. आपण तिला जोडणी म्हणू. ज्या फोल्डरवर ती होते तो जोडबिंदू होय.

आता प्रश्न असा की, जोडावयाची डिस्क त्याच खोलीत असली पाहिजे काय? तसे बंधन नाही. दुसऱ्या गावच्या संगणकावरील फोल्डरही ह्याच रीतीने आपल्या वृक्षावर बसविता येते. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीने १९८४ च्या सुमारास त्यासाठी ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’, संक्षेपाने एनएफएस, ही पद्धती तयार केली. तिची दुसरी आवृत्ती १९८९ साली, तिसरी १९९५ साली आणि चौथी २००० साली सार्वजनिक नियमपत्रकांच्या रूपाने प्रसिद्ध झाली. नियम खुले असल्यामुळे निरनिराळ्या कारखान्यांचे संगणक परस्परांशी फाइलींचा व्यवहार करू लागले.

काशी नगरीतच ह्याचे मोठे उदाहरण आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या परिसरातील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत २०१९ साली ‘परम शिवाय’ ह्या महासंगणकाचे उद्घाटन झाले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने तो उभारला. असा महासंगणक म्हणजे वस्तुतः जाळ्याने बांधलेला संगणकांचा मोठा समूह असतो. समूहातील प्रत्येक संगणकास तेच सामाईक फोल्डर दिसावे म्हणून दूरस्थ जोडणीचेच तत्त्व योजावे लागते.

घाटावरील एक घर

पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा ह्या घाटांच्या वरच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा एका घरात जुन्या पोथ्यांचा संग्रह आहे असे समजू. पावसाळ्यात गंगा चढते आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडून जातात. सन १९७८ च्या पुरात वाराणसीस पाण्याची पातळी ७३.९ मीटरपर्यंत गेली होती. धोक्याची रेषा ७१.२६ मीटरवर आहे. म्हणून कुटुंबाने असे ठरविले की, पोथ्यांच्या पानांच्या छायाप्रती पुण्यातील एका नातेवाइकाच्या संगणकावर ठेवाव्यात आणि काशीच्या घरातून त्या वाचाव्यात व वाढवाव्यात.

पुण्याचा संगणक येथे देणारा, म्हणजे सर्व्हर; काशीचा संगणक घेणारा. प्रथम पुण्याच्या संगणकावर कोणते फोल्डर कोणास द्यावयाचे ते नोंदवितात. मग काशीच्या संगणकावर ‘पोथ्या’ नावाचे रिकामे फोल्डर तयार करतात आणि ‘माउंट’ ही आज्ञा देतात. आज्ञेत तीन गोष्टी सांगावयाच्या असतात : पद्धतीचे नाव, सर्व्हरचा पत्ता व तेथील फोल्डर, आणि आपला जोडबिंदू. संगणक सुरू होताच जोडणी आपोआप व्हावी असे वाटल्यास हाच तपशील ‘एफएसटॅब’ नावाच्या यादीत लिहून ठेवतात.

ह्यापुढे पान उघडणाऱ्या आज्ञावलीस काहीही वेगळे करावे लागत नाही. ती नेहमीप्रमाणे ‘अमुक फाइल वाच’ असे कार्यप्रणालीच्या गाभ्यास सांगते. फाइलीचा मार्ग जोडबिंदूवरून जातो हे गाभ्यास ठाऊक असते. तो ती मागणी जाळ्यावरून पुण्यास धाडतो आणि आलेले उत्तर आज्ञावलीच्या हाती देतो.

अंतर दिसत नसले तरी ते असते. काशी ते पुणे सरळ रेषेत सुमारे १,२०० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे एका मागणीच्या जाण्यायेण्यास निदान सेकंदाचे १२ सहस्रांश लागणारच. एका पानास हा विलंब जाणवणार नाही. पण १,००० फाइलींची माहिती एकीमागून एक विचारली, तर निव्वळ प्रवासातच १२ सेकंद जातील.

पाण्याखालची पायरी

आता जो धोका सांगावयाचा आहे, तो अनेकांच्या लक्षात येत नाही. जोडबिंदू हे मुळात काशीच्याच डिस्कवरील एक साधे फोल्डर असते. जोडणी झाली की त्यातील मूळचा ऐवज झाकला जातो व दूरचा ऐवज दिसू लागतो. पुराच्या पाण्याने पायरी झाकली जावी, तसेच हे आहे. पायरी नष्ट होत नाही. पाणी ओसरल्यावर ती पुन्हा दिसते.

समजा, श्रावणातील एके दिवशी वीज गेली आणि संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा जाळे बंद होते. जोडणी झाली नाही. घरातील मुलाने नित्याप्रमाणे ‘पोथ्या’ ह्या फोल्डरात ४० नव्या पानांच्या छायाप्रती ठेवल्या. संगणकाने हरकत घेतली नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते एक साधे फोल्डर होते. सायंकाळी जाळे आले व जोडणी झाली. ती ४० पाने तत्काळ दिसेनाशी झाली! ती पुण्यास नाहीत; ती काशीच्याच डिस्कवर, पाण्याखालच्या पायरीप्रमाणे, झाकलेली आहेत. ‘यूमाउंट’ ह्या आज्ञेने जोडणी सोडविली की ती पुन्हा दिसतील. परंतु ती पुण्यास सुरक्षित पोहोचली अशा समजुतीत सर्व जण राहिले आणि मध्यंतरी घरात पाणी शिरून ती डिस्क गेली, तर ती पाने कायमची गेली.

ह्यावर उपाय सोपा आहे. जोडणी होण्यापूर्वीच त्या रिकाम्या फोल्डरावर लिहिण्याची मुभा सर्वसाधारण वापरकर्त्याकडून काढून घ्यावी. मग जोडणी नसताना कोणी लिहू लागल्यास संगणक स्पष्ट नकार देईल. ‘माउंटपॉइंट’ ह्या आज्ञेने जोडणी आहे किंवा नाही हेही क्षणात कळते.

सर्व्हर मौन धरतो तेव्हा

काम चालू असताना पुण्याचा संगणक उत्तर देईनासा झाला तर काय करावे, हे आधीच ठरवावे लागते. ‘कठोर’ जोडणीत गाभा तीच मागणी पुनःपुन्हा करीत राहतो. आज्ञावली तोपर्यंत खोळंबते, पण सर्व्हर परत आल्यावर काम पुढे चालू होते. ‘मृदू’ जोडणीत काही प्रयत्नांनंतर चुकीचा संदेश मिळतो. खोळंबा टळतो, परंतु लिहिण्याचे काम अर्धवट तुटून फाइल बिघडण्याचे भय असते. म्हणून जेथे लेखन होते, तेथे कठोर जोडणी पत्करावी.

दुसरी गोष्ट ओळखीची. एनएफएसच्या साध्या रीतीत मनुष्य नावाने ओळखला जात नाही, क्रमांकाने ओळखला जातो. काशीस १००१ हा क्रमांक मुलाचा असेल आणि पुण्यास तोच दुसऱ्या कोणाचा असेल, तर त्या दुसऱ्याच्या फाइली मुलाच्या हाती येतील. दोन्हीकडील क्रमांक जुळवून घेणे हे पहिले काम होय. शिवाय ही साधी रीत एकाच इमारतीतील विश्वासाच्या जाळ्यासाठी आहे. तिच्यातील मजकूर वाटेत गुप्त राहत नाही. गावोगावच्या अंतरासाठी एसएसएचएफएस ही पद्धती बरी, कारण ती सर्व व्यवहार सांकेतिक रूपात पाठविते.

जोडणी म्हणजे प्रत नव्हे

सर्वांत महत्त्वाचे सूत्र असे की, जोडणीने फाइलींची संख्या वाढत नाही. काशीच्या पडद्यावर पान दिसते आणि पुण्यासही ते आहे, म्हणून ते दोन ठिकाणी आहे असा भास होतो. पण पान एकच असते. काशीस ते पुसले तर पुण्यासही ते पुसले जाते. पुण्याची डिस्क बिघडली तर काशीच्या फोल्डरात काही उरत नाही. म्हणून पुण्याच्या संग्रहाची एक स्वतंत्र प्रत निराळ्या डिस्कवर, निराळ्या जागी, ठरावीक दिवशी काढावी, आणि ती खरोखर उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे.

ज्या शाळेत वा ग्रंथालयात लिनक्सचे दोन संगणक जाळ्याने जोडलेले असतील, तेथे विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करावा. रिकाम्या फोल्डरात एक फाइल ठेवावी, त्यावर दुसऱ्या संगणकाचे फोल्डर जोडावे, आपली फाइल दिसते का ते पाहावे, मग जोडणी सोडवून पुन्हा पाहावे. झाकलेले आणि नाहीसे झालेले ह्यांतील भेद एकदा असा डोळ्यांनी पाहिला, म्हणजे मौल्यवान कागदपत्रांचे काम हाती घेताना तो विसरला जाणार नाही.