पगडी पाहून हिणवलं तर

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात वाढलेला, मराठी शाळेत शिकलेला एक शीख मुलगा पुण्यात खोली शोधत होता. घरमालक आधी पगडीकडे पाहायचे, मग विचारायचे, "पंजाबचे का?" तो अस्सल मराठीत नांदेड म्हणाला की ते चमकायचे. वास्तविक नांदेडचा गुरुद्वारा महाराजा रणजितसिंहांच्या मदतीनं १८३२ ते १८३७ मध्ये बांधला गेला. तिथली दखनी शीख घरं पिढ्यानपिढ्या गोदाकाठचीच.

खोलीतला जोडीदार लातूरचा. त्याच्या मराठवाडी बोलीतल्या "काय करायलास?"ला वर्गात हशा पिकायचा.

पुढे दोघंही शिकायला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला गेले. एका रात्री बसमध्ये कुणीतरी ओरडलं, "अतिरेकी, चालता हो तुझ्या देशात!" दुसऱ्यानं पगडीला हात घातला. "मी मुसलमान नाही" हे शब्द शीख मुलाच्या ओठांवर आले होते. त्यानं ते गिळले, आणि ते योग्यच केलं. तसं बोलणं म्हणजे शेजाऱ्याला शिवी दिली तर चालेल अशी कबुली. १५ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या मेसा शहरात, बलबीरसिंग सोधी यांना अरब समजून त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या गेल्या. ते अरब असते तरी तो खूनच होता.

मारेकऱ्यानं ओळखण्यात चूक केली, एवढ्यावर हळहळून थांबणं म्हणजे मूळ द्वेष मोकळा सोडणं.

याच बर्मिंगहॅममध्ये पगडीमुळे एका मुलाला शाळेनं प्रवेश नाकारला होता. कुटुंब हाऊस ऑफ लॉर्ड्स या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि १९८३ साली वांशिक भेदभावविरोधी कायद्याचं संरक्षण शिखांनाही आहे, असा निकाल मिळवला. आज तिथं २०१०चा समानता कायदा आहे. पगडीला हात घालणं तर सरळ पोलिसांकडे नेण्याजोगा गुन्हा.

मात्र तक्रार लगेच करावी लागते. बसमधल्या कॅमेऱ्यांचं चित्रण फार दिवस ठेवत नाहीत. शीख मुलानं उतरताच बसचा क्रमांक, थांबा, वेळ आणि शिव्या जशाच्या तशा इंग्रजीत मोबाइलमध्ये लिहिल्या. प्रसंग चालू असेल तर ९९९, नंतर कळवायचं असेल तर १०१, हे आकडे तिथं जाणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी पाठ करावेत. लातूरचा मित्र हल्लेखोरांशी हुज्जत न घालता त्याच्या शेजारी जाऊन बसला होता आणि मोठ्यानं मराठीत बोलत राहिला होता. साक्षीदार म्हणून त्याचाच जबाब नोंदवला गेला.

"केस काप, त्रास संपेल," असं सांगणारे नातेवाईकही असतात. त्यांची काळजी खरी असते, सल्ला मात्र ऐकू नये. तिथल्या गुरुद्वाऱ्यात, विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेत आणि मराठी मंडळात पहिल्याच महिन्यात नाव नोंदवावं. प्रसंग आला की सोबत पोलीस ठाण्यात येणारी माणसं तिथंच भेटतात.