कबरी आणि कॅलिको

आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराभोवती एक मांजर वावरते. पांढऱ्या अंगावर काळे आणि नारिंगी डाग. इंग्रजीच्या तासाला तिला काय म्हणावे, असा प्रश्न निघाला तेव्हा एका विद्यार्थ्याने ‘कबरी’ म्हटले आणि लगेच जीभ चावली. घरचा शब्द वर्गात आल्याची ती लाज होती. तिच्यासाठीच हे टिपण.

अशा मांजरीस अमेरिकेत ‘कॅलिको’ म्हणतात. हा शब्द मुळात प्राण्याचा नव्हेच. तो कापडाचा, आणि त्याही आधी एका गावाचा. मलबार किनाऱ्यावरील कोळिक्कोड, म्हणजेच कालिकत. १४९८ साली वास्को द गामा पोहोचला ते. तेथून जाणाऱ्या सुती कापडास युरोपीय व्यापाऱ्यांनी गावाचेच नाव दिले, आणि पुढे भारतातील इतर सुती कापडही त्याच नावाने विकले जाऊ लागले. इंग्लंडात या छापील कापडाचे असे वेड लागले की, तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांच्या ओरडीवरून पार्लमेंटने १७०० साली त्याची आयात आणि १७२१ साली बहुतांशी वापरही कायद्याने बंद केला. आज ब्रिटनमध्ये ‘कॅलिको’ म्हणजे साधे कोरे कापड. अमेरिकेत मात्र तो शब्द नक्षीदार छापील कापडाचा राहिला, आणि त्यावरूनच ठिपकेदार घोड्यांना व मांजरांना लागला. हिंगणघाटच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या कापूस नेणाऱ्या आपल्या घरांना या प्रवासाचे कौतुक अधिकच वाटावे.

आता ‘कबरा’. संस्कृतातील ‘कर्बुर’ याच कुळातला; आणि पालीत तर ‘कबर’ हाच शब्द, याच अर्थाने आहे. ज्या भाषेत आमची मुले रोज वंदना म्हणतात, त्या भाषेतला शब्द उच्चारून एक मूल लाजले होते!

पालीत अंगावरील डागांसाठी आणखीही शब्द आहेत: ‘सबल’ आणि ‘कम्मास’. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात शीलभंगाचे प्रकार सांगताना आधी काठाला फाटलेल्या व मध्ये भोक पडलेल्या वस्त्राची उपमा दिली आहे, आणि लगेच अंगावर वेगळ्या रंगाचे पट्टे व ठिपके असलेल्या गाईची. दोष अर्थातच गाईच्या जन्मजात रंगाचा नव्हे. बोलणे माणसाच्या आचरणाविषयी आहे. कापड आणि जनावराची कातडी येथेही शेजारी आली, कालिकतचे कापड युरोपात पोहोचण्यापूर्वी हजार वर्षे.

पुढच्या तासाला फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. ‘कबरी’ आधी.