कृपा आधी, आज्ञापालन मागून

(वाचावयाचे भाग : निर्गम २०:१-१७, रोम. ३:१९-३१, गलती. ३:१५-२९, इफिस. २:८-१०)

खेड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. आपले तारण कृपेने होते, तर दहा आज्ञा कशाला? आणि आज्ञा पाळल्याच पाहिजेत, तर मग ती कृपा कसली? कित्येक बंधू म्हणतात, "आम्ही दारू सोडली, रविवार पाळतो, दशांश देतो, देव आम्हांस पदरात घेईलच." दुसरे म्हणतात, "प्रभूने सारे ऋण फेडले. आता नियमांचे ओझे कशास वाहावे?" पहिल्यांनी कृपेची मजुरी केली, दुसऱ्यांनी तिचा परवाना केला. दोघांचीही चूक क्रमात आहे. काय आधी व काय मागून, हे एकदा नीट कळले म्हणजे हा घोटाळा उरत नाही. म्हणून तो क्रम आपण शास्त्रातून पाहू.

१. नियमशास्त्राचे काम

दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीची पोती काट्यावर चढतात. काटा खरे वजन सांगतो. परंतु पोत्यात जे उणे असेल ते भरून देण्याचे सामर्थ्य काट्यात नाही. म्हणून काट्यास कोणी दोष देत नाही, आणि शहाणा मनुष्य तो मोडूनही टाकीत नाही. देवाचे नियमशास्त्र असेच आहे. त्याच्या योगे मनुष्यास आपले पाप समजते, असे पौल रोमकरांस लिहितो. प्रभूने तर डोंगरावरील प्रवचनात हा काटा अधिकच सूक्ष्म करून दाखविला. खून करणाराच नव्हे, तर भावावर उगाच रागावणाराही त्यावर उणा भरतो (मत्तय ५:२१, २२). मग आपणांपैकी पुरा भरेल असा कोण आहे?

गलतीकरांस लिहिताना पौल दुसरा दृष्टान्त घेतो. त्या काळी ग्रीक व रोमी घराण्यांत लहान मुलावर देखरेख करण्यास व त्यास शाळेत पोहोचविण्यास एक दास नेमलेला असे. तो मुलाचा गुरू नव्हे. त्याने मुलास गुरूच्या दारापर्यंत न्यावे एवढेच. नियमशास्त्र आपणांस ख्रिस्ताच्या दारापर्यंत आणते. दारातच बसून राहणारा मुलगा काय शिकणार?

२. कृपेचे काम

कृपा ही नव्या करारातच प्रथम निघाली असे कोणी समजू नये. अब्राहामाने विश्वास ठेवला व तो नीतिमान गणला गेला, हे उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात आहे, सुंतेची आज्ञा १७ व्या अध्यायात आहे, आणि नियमशास्त्र तर त्या वचनानंतर ४३० वर्षांनी आले असे पौल मोजून दाखवितो (गलती. ३:१७). निर्गमाचे पुस्तकही उघडून पाहा. वल्हांडण १२ व्या अध्यायात, समुद्र ओलांडणे १४ व्या अध्यायात, आणि दहा आज्ञा २० व्या अध्यायात. देवाने मिसरातील दासांस असे म्हटले नाही की, आधी माझ्या आज्ञा पाळून दाखवा, मग मी तुम्हांस सोडवीन. त्याने आधी सोडविले, मग आज्ञा दिल्या.

परंतु कृपा म्हणजे पापाकडे डोळेझाक नव्हे. देवाने काटा खोटा केला नाही; जे उणे होते ते त्याने वधस्तंभावर आपल्या पुत्राच्या ठायी स्वतः भरले. म्हणूनच तो न्यायी राहून पाप्यास नीतिमान ठरवू शकतो (रोम. ३:२६).

३. एक साक्ष

हा क्रम समजण्यास विद्वानांसही वेळ लागतो, ह्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म १८५८ साली झाला. त्यांच्या आईबापांनी तीर्थयात्रा, व्रते व दानधर्म ह्यांत आयुष्य वेचले. रमाबाईंस संस्कृत शास्त्रे मुखोद्गत होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात की, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लाम नामक इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचीत असता, त्यांस ही उणीव उमगली. आपल्या योग्यतेवर काही मिळवावयाचे नसून, पापी म्हणून रिकाम्या हातांनी ख्रिस्ताकडे यावयाचे आहे, हे त्यांस तेव्हा कळले.

४. कृपेनंतरच्या आज्ञा

मग रमाबाई स्वस्थ बसल्या काय? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आपल्या आश्रयास आणल्या. ही सेवा तारण विकत घेण्यासाठी नव्हती. ते त्यांस फुकट मिळाले होते. पीक आले म्हणून पाऊस पडत नाही. पाऊस पडला म्हणून पीक येते. पण चांगला पाऊस होऊनही शेत पडीकच राहिले, तर शेतकरी काय म्हणेल? इफिस. २:८-१० ह्यात हाच क्रम आहे : तारण कृपेने, आणि तारलेल्यांस सत्कृत्ये नेमून दिलेली. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीसही प्रभूने आधी दंडमुक्त केले आणि मग पुन्हा पाप न करण्याची आज्ञा दिली (योहान ८:११). ही दोन वाक्ये उलटी केली तर सुवार्ताच नाहीशी होते. दुसरे गाळले तरी ती अर्धीच राहते.

५. मंडळीत ह्याचा उपयोग

समजा, एका बंधूने लग्नाच्या गर्दीत पुन्हा दारू घेतली. लाजेने तो उपासनेस येईनासा झाला. त्याची बायको एकटीच मुलांना घेऊन मागे बसते. अशा वेळी, "त्याने आधी सुधारावे, मग यावे," असे आपण म्हटले, तर आपण त्यास काट्यावर उभे करून निघून गेलो. "असू द्या, प्रभू दयाळू आहे," एवढेच म्हटले, तर काटाच लपविला. उपदेशकाने त्याच्या घरी जावे, दारूस पापच म्हणावे, आणि त्याच बैठकीत क्षमेचे वचन त्याच्यापुढे वाचावे. मग वडिलांपैकी एकाने रोज संध्याकाळी त्याची सोबत करावी. कारण मोह संध्याकाळीच येतो. मंडळीची शिस्त राहू द्यावी. पण ती परत येण्याची वाट असावी, बंद दार नसावे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. दहा आज्ञा मिसरातून सुटण्यापूर्वी दिल्या की नंतर? त्यावरून आपण काय शिकावे?
२. काटा काय करू शकतो व काय करू शकत नाही?
३. बाप्तिस्मा होऊनही रमाबाईंस कशाची उणीव भासली?
४. आपल्या मंडळीतून लाजेने दूर राहिलेला कोणी आहे काय? ह्या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात तोंडी देऊन पुरे होणार नाही. ते त्या बंधूच्या घरी जाऊन द्यावे.